एक्स्पान्शन व्हॉल्व्ह: कोल्ड स्टोरेजवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

द्राक्षाचा हंगाम लागला की जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माझा फोन गप्प बसत नाही. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यातली पॅकहाउस, त्यांच्या प्री-कूलिंग रूम (माल साठवण्याआधी गार करायच्या) आणि मागची छोटी कोल्ड स्टोरेज, यांच्या कूलिंगची दुरुस्ती, असं माझं काम. बरेच फोन "एक्स्पान्शन गेलाय वाटतं" इथूनच सुरू होतात. गेल्यावर बघावं तर बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

हा व्हॉल्व्ह नेमकं करतो काय?

कंडेन्सरमधून निघालेला लिक्विड गॅस मोठ्या दाबाखाली असतो. व्हॉल्व्ह तो एका बारीक भोकातून रूममधल्या कॉइलमध्ये सोडतो. भोकापलीकडे दाब एकदम पडतो, थोडा गॅस तिथल्या तिथे उकळतो आणि त्यामुळे उरलेला लिक्विड गार होतो. हा गार लिक्विड कॉइलभर उकळत जातो आणि रूममधली उष्णता ओढून घेतो.

किती लिक्विड सोडायचा, हे ठरवणं हेच व्हॉल्व्हचं काम. रूमचं तापमान सांभाळणं त्याचं काम नाही, ते थर्मोस्टॅट बघतो. सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर कॉइलमधून गॅस ओढतो त्या बाजूचा, दाब धरून ठेवणंही त्याच्याकडे नाही. त्याचं लक्ष एकाच गोष्टीवर: कॉइलमधून बाहेर पडणारा गॅस, आत ज्या तापमानाला उकळला त्यापेक्षा किती डिग्री गरम झालाय. या फरकाला सुपरहीट म्हणतात.

सुपरहीट मुळात ठेवायचाच कशाला? पूर्ण कॉइल लिक्विडने भरली तर जास्त गार नाही का होणार?

होईल, पण कॉम्प्रेसरच्या जिवावर.

शेतात पाणी भरलेल्याला हे सांगायला लागत नाही. सरीत पाणी सोडलं की दारं धरणारा माणूस पाटाकडे बघत बसत नाही, सरीच्या शेवटाकडे बघतो. शेवटचे दोन हात कोरडे असतानाच तो दारं मोडतो, कारण वाटेतलं पाणी अजून यायचं असतं. शेवटापर्यंत भिजेस्तोवर थांबला तर पाणी बांध फोडून शेजारच्याच्या रानात.

कॉइलचंही तसंच. तिचा शेवटचा तुकडा मुद्दाम कोरडा ठेवतात, म्हणजे तिथे लिक्विड नसतो, फक्त गॅस असतो आणि तो थोडा तापतो. शेजारच्याचं रान म्हणजे कॉम्प्रेसर. तिथे लिक्विड गेला की तो ऑइल पातळ करतो, बेअरिंग धुऊन काढतो आणि पिस्टनवाल्या मशिनमध्ये व्हॉल्व्ह प्लेट मोडतो. लिक्विड दाबला जात नाही, त्यामुळे मोडतं ते लोखंडच.

उलट कोरडा तुकडा फार मोठा झाला तर तेवढी कॉइल फुकट गेली. कोल्ड रूमला साधारण ५ ते ७ डिग्री सुपरहीट मला बरा वाटतो.

आत मोटर नाही, वायर नाही. मग त्याला कळतं कसं?

व्हॉल्व्हच्या डोक्यात पातळ पत्र्याचा डायफ्राम असतो. त्याच्या वरून बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाला बल्ब असतो, कॉइलच्या बाहेर सक्शन पाइपला घट्ट बांधलेला. सरीच्या शेवटाला उभा असलेला माणूस म्हणजे हा बल्ब. त्याच्यातही गॅस भरलेला असतो. पाइप तापला की आतला दाब वाढतो आणि डायफ्रामला खाली ढकलतो, व्हॉल्व्ह उघडतो. खालून दोघं त्याला बंद करायला बघतात: कॉइलमधला दाब आणि स्प्रिंग.

आकडे घालून बघू. आर-२२ या गॅसवर चालणारा जुना प्लांट आहे, कॉइल उणे ६ डिग्रीला चाललीय. त्या तापमानाला आर-२२ चा दाब गेजवर सुमारे ४४ पीएसआय (दाबाचं माप). समजा बल्बमध्येही तोच गॅस आहे आणि बल्बपाशी पाइप ० डिग्रीला आहे, म्हणजे बल्बचा दाब सुमारे ५७.५. वरून ५७.५, खालून ४४. मधले साडेतेरा स्प्रिंगने धरलेत. तोल साधला आणि सुपरहीट आला ६ डिग्री.

आता संध्याकाळी बागेतून नवा माल आला. रूमवर लोड वाढला, कॉइलमधला लिक्विड आधीच उकळून संपायला लागला, शेवटचा कोरडा तुकडा लांबला. बल्बपाशी पाइप ३ डिग्रीवर गेला. बल्बचा दाब वाढला, भोक उघड-बंद करणारी सुई खाली सरकली, जास्त लिक्विड आत आला. लोड उतरला की सगळं उलट होतं. माणूस न लावता दिवसभर हेच चालू असतं. घरच्या फ्रिजमधल्या कॅपिलरीला हे जमत नाही. तिचं भोक एकाच मापाचं, लोड कितीही असो.

डेन्मार्कमध्ये मॅड्स क्लाउसेन यांनी १९३३ मध्ये आई-वडिलांच्या शेतावरच्या घरात काम सुरू केलं तेही असले व्हॉल्व्ह बनवायचं. पुढे त्यातून डॅनफॉस कंपनी उभी राहिली. इतक्या वर्षांत मूळ युक्ती बदललेली नाही.

व्हॉल्व्हला जोडलेली आणखी एक बारीक नळी सक्शनला जाते, ती कसली? ती बंद केली तर?

ती एक्स्टर्नल इक्वलायझर. बंद करू नका.

वर सांगितलं की कॉइलचा दाब डायफ्रामला खालून ढकलतो. पण कुठला दाब, सुरुवातीचा की शेवटचा? छोट्या कॉइलमध्ये दोन्ही जवळपास सारखे, मग आतल्या आत भोक ठेवलं तरी चालतं. मोठ्या कॉइलला डिस्ट्रिब्यूटर असतो, कोळ्याच्या पायांसारख्या नळ्या असतात, आणि त्यात बराच दाब जातो. समजा १० पीएसआय गेला. शेवटाला ४४ असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी ५४. आतून दाब घेणारा व्हॉल्व्ह लावला तर बंद करणारा जोर ५४ अधिक १३.५, म्हणजे ६७.५ होतो. बल्बमध्ये तेवढा दाब यायला पाइप ४ डिग्रीला हवा. सहाचा सुपरहीट दहा झाला आणि कॉइलचा मोठा भाग उपाशी. म्हणून डिस्ट्रिब्यूटर दिसला की एक्स्टर्नल इक्वलायझरच. त्याची जोडणी बल्बच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या बाजूला.

एकदा एका रूमवर ही नळी चेपून, वर ब्रेझिंगने बुजवून ठेवलेली सापडली होती. कुणीतरी "गळती होती म्हणून" केलं म्हणे. त्या रूमचे मालक दोन हंगाम कॉम्प्रेसर छोटा पडतो असं धरून चालले होते.

बल्ब कुठे आणि कसा बांधायचा?

याचं उत्तर लांब आहे, कारण निम्मी भानगड इथेच होते.

कॉइलमधून निघालेल्या आडव्या सरळ पाइपवर. सांध्यावर नाही, बेंडवर नाही, ऑइल साचतं त्या खोलगट जागेच्या पुढे तर नाहीच. पाइप सात सुतापेक्षा बारीक असेल तर बल्ब वरच्या अंगाला, घड्याळात बारा वाजतात तिथे. त्याहून जाड पाइपला चार किंवा आठच्या जागी. पाइपच्या तळाला कधीच नाही. तळातून ऑइल वाहतं आणि बल्बला गॅसऐवजी ऑइलचं तापमान कळतं.

पाइप काथ्याने घासून चकचकीत करा. तांब्याची पट्टी दोन ठिकाणी आवळा. मग वर इन्सुलेशन, दोन्ही बाजूंनी चांगलं पुढे गेलेलं. इन्सुलेशन नसेल तर बल्बला पाइपपेक्षा रूमची हवाच जास्त कळते.

गेल्या फेब्रुवारीत एका पॅकहाउसमधून रात्री साडेनऊला फोन आला. मालक काका काळजीत होते, सात पॅलेट आत आणि तापमान उतरायचं नाव नाही. "मिस्तरी, मागच्या आठवड्यात एकाला बोलावलं होतं, त्याने नवीन एक्स्पान्शन टाकला, तरी तेच." वर चढून इन्सुलेशन सोडलं. बल्ब प्लास्टिकच्या केबल टायने बांधलेला. थंडीत टाय कडक होऊन सैल पडलेला, बल्ब आणि पाइपमध्ये माझं नख जाईल एवढी फट, आणि त्या फटीत डिफ्रॉस्टचं (कॉइलवरचा बर्फ वितळवतात तेव्हाचं) पाणी गोठून बर्फाची चकती. बल्बला मध्येच बर्फ कळायचा, मध्येच कॉइलची हवा. दोन पट्ट्या, नवीन टेप, वीस मिनिटांचं काम. काकांनी काढून ठेवलेला जुना व्हॉल्व्ह मी उचलून आणला. तो ठणठणीत आहे, अजून माझ्या पेटीत आहे.

सक्शन गेजचा काटा सारखा वर-खाली नाचतो. व्हॉल्व्ह बिघडला का?

याला हंटिंग म्हणतात. ३८ वरून ५०, परत ३८, दर दोन-चार मिनिटांनी, असा एका लयीत काटा हलत असेल तर व्हॉल्व्ह स्वतःच्याच मागे धावतोय.

पुन्हा सरीकडे या. शेवटाला उभा असलेला माणूस ओरडला "बास!", पाटावरच्याने दारं मोडलं, तोवर बरंच पाणी सुटून गेलेलं. बांध फुटला. मग घाबरून पाणी पार तोडलं, सरी सुकली, परत सगळं सोडलं. निरोप पोचायला वेळ लागतो आणि प्रत्येक वेळी दुरुस्ती जास्तीची होते. सैल बल्ब म्हणजे उशिरा ओरडणारा माणूस. मोठा व्हॉल्व्ह म्हणजे एका टिकावात सगळा पाट फोडणारा.

म्हणून पहिल्यांदा बल्ब बघायचा. तो नीट असेल तर व्हॉल्व्हचं माप. पाच टनाच्या (टन म्हणजे गार करायच्या ताकदीचं माप) कॉइलला आठ टनाचा ओरिफिस, म्हणजे भोकाचा तुकडा, "असू दे मोठा, कामाला येईल" म्हणून टाकलेला असतो. प्री-कूलिंगमध्ये याचा त्रास शेवटी दिसतो. सुरुवातीला २५-३० डिग्रीची द्राक्षं आत आली की लोड दणकून असतो, मोठा व्हॉल्व्हही गुमान चालतो. सहा-आठ तासांनी मण्याचं तापमान चार डिग्रीच्या आसपास आलं की लोड घटतो, आणि तो मोठा व्हॉल्व्ह जरासा उघडला तरी कॉइलला जास्त होतो. पहाटे तीनला नाच सुरू.

प्रत्येक कॉइलचा एक असा किमान सुपरहीट असतो की त्याच्या खाली गेलात तर व्हॉल्व्ह स्थिर राहूच शकत नाही. लोड जास्त तसा तो किमान आकडाही वर जातो. हाव धरून सुपरहीट तीनवर आणलेल्या रूम नाचतात त्या याच कारणाने. तिथे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा स्क्रू थोडा आवळला की काटा शांत होतो.

काटा एकदा हलला आणि थांबला, तर ते हंटिंग नाही. दार उघडलं असेल.

स्क्रू फिरवून बघू का?

नको.

बरं, फिरवायचाच असेल तर आधी खात्री करा की साइट ग्लासमध्ये (लिक्विडच्या पाइपवरची काच) बुडबुडे नाहीत, ड्रायर (ओलावा शोषणारा फिल्टर) चोक नाही, कॉइलवर बर्फ नाही, पंखे सगळे चालू आहेत आणि बल्ब जागेवर आहे. यातलं एक जरी चुकत असेल तर स्क्रूने फक्त ते झाकलं जाईल. मग सुपरहीट मोजा: सक्शनचा दाब कॉइलच्या शेवटाला घ्या, चार्टवर त्याचं तापमान बघा, बल्बशेजारी पाइपचं तापमान चांगल्या प्रोबने घ्या, वजाबाकी करा. हाताने पाइप चाचपून "गार लागतंय" म्हणणं हे मोजमाप नव्हे. आर-४०७सी सारखा मिश्र गॅस असेल तर चार्टमधला ड्यू पॉइंटचा रकाना वापरा, नाहीतर उत्तर पाच-सहा डिग्रीने चुकतं.

बहुतेक व्हॉल्व्हमध्ये घड्याळाच्या दिशेने फिरवलं की स्प्रिंग आवळते आणि सुपरहीट वाढतो. पाव फेरा फिरवा आणि पंधरा-वीस मिनिटं चहा प्या. एका फेऱ्याने किती फरक पडतो ते मॉडेलवर आहे, कुठे अर्धा डिग्री, कुठे चार. मूळ जागेवरून किती फेरे झाले ते लिहून ठेवा.

रूम गार होतेय, पण द्राक्षाचे देठ सुकतात. याचा व्हॉल्व्हशी काय संबंध?

आहे, आणि हा प्रश्न खरं तर जास्त जणांनी विचारायला हवा.

साठवणीत द्राक्षाला ० डिग्रीच्या आसपास तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. हवेतलं पाणी कॉइलवर जाऊन बर्फ होतं. कॉइल रूमपेक्षा जितकी जास्त थंड, तितकं जास्त पाणी ती ओढते. कॉइल उणे ६ ला असेल तर फरक सहाचा. आता व्हॉल्व्ह कॉइल उपाशी ठेवतोय, सुपरहीट फार वाढलाय असं धरा. अर्धी कॉइल बिनकामाची झाली, तेवढीच थंडी आता उरलेल्या अर्ध्या कॉइलला द्यायचीय. सक्शन उतरतो ३७ पीएसआयवर, म्हणजे उणे १० डिग्री. फरक दहाचा. थर्मामीटर रूममध्ये शून्यच दाखवतो, मालक खूश. पाणी मात्र देठातून निघून कॉइलवर बर्फ बनून बसलंय, आणि दर डिफ्रॉस्टला ते ड्रेनमधून वाहून जातंय. वजन घटतं, देठ तपकिरी पडतात, आणि परदेशातला खरेदीदार पेटी उघडली की आधी देठ बघतो.

डिफ्रॉस्टचं पाणी नेहमीपेक्षा जास्त येतंय असं वाटलं तर सुपरहीट मोजून घ्या.

थंडीच्या कडाक्यात पहाटे गारवा कमी होतो. उलटं कसं?

निफाडचा पारा पाच डिग्रीच्या खाली गेल्याची बातमी दर एक-दोन हिवाळ्याआड पेपरात येते, त्याच पहाटे हे फोन येतात. व्हॉल्व्हमधून किती लिक्विड जाईल हे भोकावर अवलंबून, तसंच दोन बाजूंच्या दाबाच्या फरकावरही. कंडेन्सिंग ४० डिग्रीला असताना आर-२२ चं हेड प्रेशर (कंडेन्सरकडचा दाब) सुमारे २०८ पीएसआय. सक्शन ४४ धरला तर फरक १६४. गार हवेने कंडेन्सिंग २० डिग्रीवर आलं तर हेड ११७ आणि फरक ७३. नुसत्या दाबाच्या हिशेबाने व्हॉल्व्हची ताकद दोन तृतीयांशावर आली. तो पूर्ण उघडूनही कॉइल उपाशी राहते.

उपाय व्हॉल्व्हपाशी नाही, कंडेन्सरच्या पंख्यांपाशी आहे. हेड प्रेशर उतरलं की एकेक पंखा बंद करणारा स्विच लावा. कंडेन्सरवर गोणपाट टाकणारेही बघितलेत. रात्री चालतं, पण सकाळी अकराला ते काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही आणि मशिन हाय प्रेशरवर ट्रिप होतं.

व्हॉल्व्ह खरंच मेलाय हे कसं ओळखायचं?

बल्ब सोडून मुठीत धरा. व्हॉल्व्ह जिवंत असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत सक्शन वर चढतो. मग बल्ब बर्फाच्या पाण्यात घाला, सक्शन उतरला पाहिजे. मूठ फार वेळ धरून बसू नका, लिक्विड कॉम्प्रेसरकडे निघतो. दोन्हीला काटा ढिम्म असेल तर बल्बमधला गॅस गेलाय किंवा सुई अडकलीय. बल्बचा गॅस गेला की व्हॉल्व्ह बंदच राहतो, कारण उघडणारा एकटाच होता आणि तोच गेला.

फसवणारी एक गोष्ट म्हणजे सिस्टिममधला ओलावा. भोकाशी पाण्याचा कण गोठतो, सक्शन व्हॅक्यूमपर्यंत जातो, मशिन लो प्रेशरवर बंद पडतं, अर्ध्या तासाने बर्फ वितळतो आणि जणू काही झालंच नाही. व्हॉल्व्हवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा. सक्शन झटक्यात परत आला तर दोषी ओलावा. ड्रायर बदला, व्हॅक्यूम नीट घ्या. व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही.

लाइट गेल्यावर, परत आल्यावर कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप होतो. यात व्हॉल्व्ह काही करू शकतो?

थोडंफार. एमओपी (जास्तीत जास्त दाबाची मर्यादा) लिहिलेला व्हॉल्व्ह मिळतो. त्याच्या बल्बमध्ये गॅस मोजूनच भरलेला असतो. सक्शन एका ठरावीक दाबाच्या वर गेला की तो पुढे उघडतच नाही, त्यामुळे तापलेल्या कॉइलचा सगळा भार सुरुवातीलाच मोटरवर येत नाही. एक अट: त्याचं डोकं बल्बपेक्षा गार व्हायला नको, नाहीतर बल्बमधला गॅस डोक्यात जाऊन बसतो आणि व्हॉल्व्ह मिटतो.

मशिन बंद असताना लिक्विड अडवून धरायचं काम मात्र व्हॉल्व्हवर सोडू नका. त्यासाठी सोलेनॉइड (लिक्विड बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) आणि पंप-डाउन (बंद होण्याआधी कॉइल रिकामी करणं) हवं.

आर-२२ मिळेनासा झालाय. दुसरा गॅस भरला तर तोच व्हॉल्व्ह चालेल?

बल्बमधला गॅस सिस्टिमच्या गॅसशी जुळवलेला असतो. आर-२२ च्या व्हॉल्व्हवर आर-४०४ए भरला तर त्याच तापमानाला कॉइलचा दाब जास्त येतो, व्हॉल्व्ह आवळलेला राहतो आणि कॉइल उपाशी. स्क्रू सोडून ही चूक भरून निघत नाही. गॅस बदलताना व्हॉल्व्हच्या डोक्यावर छापलेलं नाव वाचा.

अमोनियाच्या प्लांटला हाच व्हॉल्व्ह लागतो का?

नाही. अमोनिया तांबं-पितळ खातो. तिथे स्टीलचे वेगळे व्हॉल्व्ह असतात, आणि मोठ्या प्लांटमध्ये बहुधा फ्लोट, म्हणजे लिक्विडच्या पातळीवर चालणारा व्हॉल्व्ह, असतो.

इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह घ्यावा का?

दिवसभर लोड खूप बदलत असेल आणि बजेट असेल तर जरूर. तो सुपरहीट बारकाईने धरतो आणि हिवाळ्यातल्या कमी हेड प्रेशरलाही जमवून घेतो. पण कंट्रोलर, सेन्सर, विजेची चढउतार, सगळं सोबत येतं. दोन रूमचं छोटं युनिट असेल तर मी अजूनही साधाच टाकतो. रात्री दोनला तो पान्याने दुरुस्त होतो.

तुम्ही येईपर्यंत आम्ही काय बघून ठेवू?

सक्शन आणि हेडचा आकडा दर दहा मिनिटांनी, असे चार-पाच वेळा लिहा. साइट ग्लासचा फोटो काढा. कॉइलवर बर्फ सगळीकडे सारखा आहे की फक्त सुरुवातीच्या नळ्यांवर, तेही बघा. फक्त सुरुवातीला असेल तर कॉइल उपाशी आहे, हे मला गाडीतच कळतं. कॉम्प्रेसरच्या डोक्यापर्यंत बर्फ चढला असेल तर माझी वाट न बघता मशिन बंद करा. आणि स्क्रू कुणी फिरवला असेल तर कुठल्या बाजूला, किती फेरे, ते खरं सांगा. मी रागावत नाही.